‘नाही’ आणि ‘कळले नाही’

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-साहाय्य समितीच्या चिटणिसांनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस ह्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्याकडून शिक्षणाचे महत्त्व अथवा वडीलधाऱ्यांचा मान अशा एखाद्या विषयावर काही ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असेल. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविण्यात ज्याने घालविली, त्याच्याकडून तीच अपेक्षा रास्त होय. परंतु आज आम्ही निराळाच विषय घेतला आहे. संगणकाच्या प्रोग्रॅमला ‘अमुक फाइल आहे काय, पाहून ये’ असे सांगितले, आणि त्याला पाहताच आले नाही, तर त्याने काय उत्तर द्यावे, हा तो विषय होय. आमचे स्वतःचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत आणि पुढे दोन वर्षे अध्यापनाचे. संगणकशास्त्रात आमचा अधिकार शून्य. तथापि ह्या प्रश्नाने मंडळाच्या चौदा मुलांवर अन्याय झाला आणि त्या अन्यायाच्या कागदावर सही आमची होती. म्हणून बोलणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. साहाय्य निधीकडे येणारे अर्ज पूर्वी तालुकावार गठ्ठे बांधून कपाटात ठेवीत असत. पुढे प्रत्येक अर्जाची स्कॅन केलेली प्रत संगणकात ठेवण्यात येऊ लागली. एका अर्जाची एक फाइल, आणि एका तालुक्याच्या सर्व फाइलींचे एक फोल्डर, अशी ती व्यवस्था. आपल्यातीलच एका होतकरू तरुणाने सेवाभावाने एक लहानसा प्रोग्रॅम लिहून दिला. मंडळाकडे नाव नोंदविलेल्या विद्यार्थ्यांची सूची घ्यावी, प्रत्येकाच्या नावाची फाइल आहे की नाही ते पाहावे, असल्यास अर्ज छाननीस पाठवावा, नसल्यास ‘अर्ज प्राप्त नाही’ ह्या यादीत नाव घालावे, एवढेच त्या प्रोग्रॅमचे काम होते. तीन वर्षे ते बिनबोभाट चालले.

२०२२ साली मंडळाचा संगणक बदलला. फोल्डर नव्या यंत्रावर नेताना एका तालुक्याच्या फोल्डरात शिरण्याची परवानगी द्यावयाची राहून गेली. फाइली आत सुरक्षित होत्या. परंतु ज्या खात्याच्या नावाने प्रोग्रॅम चालत असे, त्या खात्याला ते दार बंद होते. प्रोग्रॅम गेला, दार उघडेना, आणि परत येऊन त्याने सांगितले, ‘नाही’. त्या तालुक्यातील चौदाच्या चौदा नावे ‘अर्ज प्राप्त नाही’ ह्या यादीत गेली. आम्ही यादीखाली सही केली आणि चौदा पत्रे टपालात पडली.

तीन आठवड्यांनी एक गृहस्थ आमच्या घरी आले. त्यांच्या कन्येस परिचारिकेच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता. शुल्काची मुदत टळू नये म्हणून घरातील पाटल्या गहाण पडल्या होत्या. ते बसले नाहीत. पत्र पुढे करून एवढेच म्हणाले, “गुरुजी, अर्ज मी स्वतः आपल्या हातात दिला होता. आपण तो वाचलात आणि मुलीच्या अक्षराचे कौतुक केलेत.” आम्हांस तत्क्षणी ते अक्षर आठवले. तरीही आम्ही सही केली होती, कारण संगणक ‘नाही’ म्हणाला होता.

बंधुभगिनींनो, उरलेल्या तेरा जणांपैकी कोणीही तक्रार केली नव्हती. एका मुलाने तर आपलाच अर्ज वाटेत गहाळ झाला असावा असे समजून क्षमा मागणारे पत्र पाठविले होते. ते पत्र आम्ही अद्याप जपून ठेवले आहे. समितीच्या सभासदांनी पदरचे पैसे घालून त्या दिवाळीपूर्वी चौदाही जणांची रक्कम पोचती केली व पाटल्या सुटल्या. परंतु रक्कम भरून निघाली म्हणून चूक पुसली जात नाही. ती कोठे झाली हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटले.

आमची पुतणी पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहे. तिला आम्ही तो प्रोग्रॅम दाखविला. आमची कल्पना अशी, की लिहिणाऱ्याने काहीतरी घोडचूक केली असणार. ती वाचून म्हणाली, “काका, मुलाने लिहिलेली ओळ बरोबर आहे. त्याने ज्या फंक्शनला विचारले, ते फंक्शनच असे उत्तर देते.” हे ऐकून आम्ही चकित झालो आणि तिच्याकडून हा विषय पाटीपासून शिकावयास बसलो. पुढील विवेचनात जे बरोबर असेल ते तिचे, आणि जे चुकेल ते आमचे.

फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधील एक नेमून दिलेले काम करणारा सेवक होय. शाळेतील शिपायाला आपण सांगतो, ‘दप्तरखान्यात अमक्या वर्षाचे रजिस्टर आहे का, पाहून ये.’ तो जातो आणि येऊन उत्तर सांगतो. मुख्याध्यापक स्वतः कपाटापर्यंत जात नाहीत. शिपायाच्या उत्तरावर पुढचा सारा कारभार चालतो. आता समजा, दप्तरखान्याला कुलूप आहे आणि किल्ली त्याच्यापाशी नाही. अशा वेळी त्याने येऊन ‘रजिस्टर नाही’ असे सांगितले, तर ते उत्तर खोटे आहे. त्याच्या मनात कपट नसेल, तरीही ते खोटे आहे. त्याने सांगावयास हवे होते, ‘कुलूप आहे, पाहता आले नाही.’

हा भेद आपल्या लोकव्यवहाराला नवा नाही. २०१० साली जनगणनेच्या घरयादीच्या कामावर आमच्यासारखे हजारो शिक्षक होते. रिकामे घर आणि राहते परंतु कुलूपबंद घर ह्यांची नोंद निरनिराळी करावयाची, हे आम्हांस प्रशिक्षणात पुनःपुन्हा बजावले होते. कुलूप दिसले म्हणून आत कोणी राहत नाही असे लिहून आलो असतो, तर कित्येक कुटुंबे देशाच्या मोजणीतून गळाली असती. जो नियम आम्ही दारोदार फिरताना कसोशीने पाळला, तोच नियम आमच्या प्रोग्रॅमने मोडला होता.

मौजेची गोष्ट अशी, की संगणकाच्या पोटात हा भेद प्रथमपासून केलेला आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिच्याच वळणावर पुढे १९९१ साली लिनक्स ही प्रणाली निर्माण झाली. मंडळाच्या नव्या यंत्रावर लिनक्सच आहे. ह्या प्रणालींत फाइलीची माहिती विचारणारे ‘स्टॅट’ नावाचे मूळ फंक्शन आहे. काम झाले तर ते शून्य हे उत्तर देते. न झाल्यास उणे एक असे उत्तर देऊन कारणाचा क्रमांक एका ठरलेल्या जागी नोंदवून ठेवते. क्रमांक २ म्हणजे अशी फाइल अथवा असे फोल्डर नाही. क्रमांक १३ म्हणजे परवानगी नाही. क्रमांक ५ म्हणजे डिस्कवरून वाचण्या-लिहिण्यातच बिघाड झाला. अशी आणखीही कारणे आहेत. म्हणजे पहिला सेवक प्रामाणिक आहे. तो ‘मिळाले नाही’ एवढे सांगून थांबत नाही, का मिळाले नाही तेही सांगतो.

मग आमच्या प्रोग्रॅमला ‘नाही’ कोणी सांगितले? तो पायथन भाषेत लिहिलेला होता. त्या भाषेत ‘एग्झिस्ट्स’ नावाचे सोयीचे फंक्शन आहे. ते आतून त्याच स्टॅटला विचारते. पण स्टॅटकडून कोणतीही अडचण कळली, क्रमांक २ असो वा १३, की ती गिळून टाकते आणि ‘नाही’ एवढेच उत्तर पुढे पाठविते. परवानगीअभावी असे उत्तर येऊ शकते, हे त्या भाषेच्या अधिकृत माहितीपत्रात स्पष्ट लिहिलेले आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉट-नेट प्रणालीतील त्याच कामाचे फंक्शनही, वाचण्याची परवानगी नसल्यास, फाइल असली तरी ‘नाही’ म्हणते. आणि तेही माहितीपत्रात लिहिलेले आहे. तेव्हा फसवणूक कोणाचीच नाही. लिहिलेले होते, पण वाचले कोणी नव्हते.

येथे कोणी विचारील, की एवढ्या थोर भाषा रचणाऱ्यांनी असे का केले? त्याचे कारण, विचारणाऱ्याची सोय. ‘आहे काय?’ ह्या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे दोनच पर्याय ठेवले, म्हणजे एका ओळीत काम भागते. पुष्कळ ठिकाणी ह्याने बिघडतही नाही. एखाद्या प्रोग्रॅमला आपल्या पसंतीच्या रंगाची नोंद सापडली नाही, तर तो नेहमीचा रंग वापरील. नोंद नव्हती की वाचता आली नाही, ह्याने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु ‘नाही’ ह्या उत्तरावर कोणाचा अर्ज फेटाळला जाणार असेल, कोणाची जुनी फाइल पुसून नवी लिहिली जाणार असेल, तेथे ही सोय फार महाग पडते.

जावा भाषेच्या रचनाकारांनी ह्यावर एक मार्ग काढला, तो ऐकण्यासारखा आहे. आरंभी त्यांच्याकडेही ‘होय-नाही’ सांगणारे एकच फंक्शन होते. २०११ साली आलेल्या सातव्या आवृत्तीत त्यांनी दोन फंक्शने दिली. एकाला विचारावे ‘आहे काय?’ आणि दुसऱ्याला विचारावे ‘नाही काय?’ वरवर पाहता एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उलट यावयास हवे. परंतु निश्चित सांगता येत नसेल, तर दोन्ही फंक्शने ‘नाही’ म्हणतात! म्हणजे ‘आहे असे म्हणवत नाही’ आणि ‘नाही असेही म्हणवत नाही’. दोन्ही प्रश्न विचारणाऱ्यास सत्य कळते खरे. पण एकच प्रश्न विचारून निघून जाणाऱ्याची गफलत व्हावयाची ती होतेच. आणि पाहता का आले नाही, हे कारण तर गुलदस्त्यातच राहते.

रस्ट नावाच्या अलीकडच्या भाषेने अधिक सरळ वाट धरली. तिच्यातही पूर्वीपासून एक सोयीचे ‘होय-नाही’ फंक्शन आहे. पण ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या १.६३ ह्या आवृत्तीत ‘ट्राय-एग्झिस्ट्स’ हे नवे फंक्शन पक्के करण्यात आले. ते तीन प्रकारची उत्तरे देते : आहे, नाही, किंवा पाहता आले नाही आणि त्याचे कारण हे. हे उत्तर एका बंद पाकिटात येते असे समजावे. पाकीट उघडून आत उत्तर आहे की अडचण आहे, हे ठरविल्यावाचून लिहिणाऱ्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ हाती लागत नाही. आमची पुतणी हे समजावून सांगत होती, तो महिना कोणता, हे आमच्या मनात आले. आमची चौदा पत्रे टपालात पडली तेही त्याच वर्षी.

ह्या सर्व अभ्यासातून आम्हांस जे सार गवसले, ते असे. प्रश्न आणि आज्ञा ह्यांत भेद करावा. ‘फाइल आहे काय?’ हा प्रश्न आहे. त्याला ‘नाही’ हे पूर्ण, निर्दोष उत्तर आहे. त्याला चूक मानून आरडाओरडा करण्याचे कारण नाही. ‘फाइल उघडून दे’ ही आज्ञा आहे. तेथे फाइल नसणे ही अडचण होय आणि ती अडचण म्हणूनच कळविली पाहिजे. परंतु प्रश्न असो वा आज्ञा, शोधच घेता आला नाही, तर ती तिसरी अवस्था आहे. ती पहिल्या दोहोंपैकी कोणत्याही खणात कोंबू नये.

ही तिसरी अवस्था कळविण्याच्या रीती भाषेपरत्वे निराळ्या आहेत. जुन्या ‘सी’ भाषेत उणे एक आणि कारणाचा क्रमांक. पण तो क्रमांक वाचण्याचा आळस केला तर प्रोग्रॅम तसाच पुढे जातो. पायथनमध्ये फाइल उघडताना अडचण आल्यास ‘एक्सेप्शन’ उठते, म्हणजे काम जागीच थांबते व हाक वर जाते. ती हाक ऐकून कोणी उपाय केला नाही, तर प्रोग्रॅम बंद पडतो. बंद पडणे पुष्कळांना नामुष्कीचे वाटते. म्हणून काही लिहिणारे सर्व हाका दाबून टाकणारी ओळ घालतात आणि प्रोग्रॅम ‘सुरळीत’ चालवितात. आम्हांस वाटते, आमचा प्रोग्रॅम त्या दिवशी बंद पडला असता तर फार बरे झाले असते. आम्ही चार दिवस अडलो असतो. पत्रे मात्र गेली नसती.

आणखी एक बारकावा. उत्तर खरे असले तरी ते शिळे होऊ शकते. गेल्या मेळाव्यात देणगीच्या पावत्या दोन टेबलांवर दोन संगणकांतून, एकाच सामाईक फोल्डरात लिहिल्या जात होत्या. दोन्ही प्रोग्रॅमनी एकाच क्षणी विचारले, ‘ह्या क्रमांकाची पावती आहे काय?’ दोघांनाही ‘नाही’ हे खरे उत्तर मिळाले. दोघांनी त्याच क्रमांकाची फाइल लिहिली आणि दुसरीने पहिलीला पुसून टाकले. विचारणे आणि करणे ह्यांमध्ये क्षणाचे अंतर असते आणि तेवढ्यात जग बदलते. ह्यावर उपाय असा, की आधी विचारूच नये. ‘नसेल तरच नवी फाइल तयार कर, असेल तर तसे सांग’ अशी एकच आज्ञा द्यावी. युनिक्सच्या कुळात ही सोय आहे आणि पायथननेही ती २०१२ सालच्या ३.३ ह्या आवृत्तीत सोप्या रूपात दिली आहे. तेथे मग अडचण कळणे हेच उत्तर होय.

एक आक्षेपही सांगितला पाहिजे. काही जाणते म्हणतात, की प्रत्येकाला खरे कारण सांगणे सुरक्षित नसते. ‘परवानगी नाही’ असे परक्याला सांगितले, तर आत काहीतरी आहे हे त्याला कळते. हे खरे आहे. इंटरनेटवरील देवघेवीच्या नियमांतही, मनाई असलेली वस्तू ‘सापडली नाही’ असे सांगून झाकण्याची मुभा आहे. परंतु ती मुभा दारावरच्या परक्यासाठी आहे. घरातल्या कारभाऱ्याच्या वहीत खरे कारण लिहिलेच पाहिजे. आमच्या बाबतीत कारभारीच अंधारात होता.

आता समितीने काय केले ते सांगून आवरतो. प्रोग्रॅम दुरुस्त झाला आहे. तो आता तीन याद्या काढतो : अर्ज आहे, अर्ज नाही, तपासता आले नाही. तिसऱ्या यादीत फाइलीचे पूर्ण नाव, फोल्डर आणि कारण लिहिलेले असते. ज्या बाह्य डिस्कवर फोल्डर असतात ती जोडलेलीच नसेल, तर संगणक प्रत्येक फाइलीस ‘नाही’ म्हणेल आणि ते शब्दशः खरेही असेल. म्हणून प्रोग्रॅम प्रथम फोल्डर जागेवर आहे का ते पाहतो आणि नसल्यास पुढे जातच नाही. एखाद्या तालुक्याचे सर्वच्या सर्व अर्ज ‘नाही’ निघाले, तरीही तो थांबून माणसास बोलावितो. चौदापैकी चौदा नाहीत, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी खटकावयास हवी होती. आणि शेवटचा नियम यंत्राचा नाही, आमचा आहे : पोचपावतीच्या वहीशी ताडून पाहिल्यावाचून ‘अर्ज प्राप्त नाही’ हे पत्र कोणासही जाणार नाही.

ज्या तरुणाने तो प्रोग्रॅम लिहिला, त्याला ह्या प्रकरणाने फार वाईट वाटले. त्याने मंडळाचे काम सोडू नये म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याला आम्ही जे सांगितले तेच येथे सांगतो. दोष त्याचा थोडा आणि आमचा अधिक. अडतीस वर्षे आम्ही वर्गात प्रश्न विचारले. जो मुलगा ‘गुरुजी, मला सांगता येत नाही’ असे म्हणाला, त्याला आम्ही बाकावर उभे केले. जो ठामपणे काहीतरी बोलला, त्याला, उत्तर चुकले तरी, शाबासकी नाही तर निदान सवलत मिळाली. ‘सांगता येत नाही’ हेही एक उत्तर आहे, आणि कारणासह दिले तर ते फार मोलाचे उत्तर आहे, हे आम्ही शिकविले नाही. आमच्या हाताखालून गेलेलीच मुले आज प्रोग्रॅम लिहीत आहेत.

ह्या सभागृहात संगणकाच्या व्यवसायातील मुलगे आणि मुली पुष्कळ आहेत, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. त्यांना एवढीच विनंती, की आपण लिहिलेल्या फंक्शनला दार बंद आढळले, तर त्याला ‘दार बंद आहे’ असे म्हणू द्यावे. त्या दाराआड कोणाचा अर्ज असेल, हे आपणांस ठाऊक नसते. आणि जे आमच्यासारखे केवळ सही करणारे आहेत, त्यांनी यंत्राच्या ‘नाही’पुढे एकदा तरी विचारावे, ‘तू आत जाऊन पाहिलेस काय?’

ती कन्या आता परिचारिका झाली आहे. ह्या मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकांवरील नावे तिने आपल्या हाताने लिहिली आहेत. अक्षर आपण सर्वांनी पाहिलेच असेल.